लग्नाची तसबीर आणि तिच्यामागचे हात

व्याख्यानमालेच्या यादीत आजचा विषय वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ताम्रपट, सनदा, बखरी, शकावल्या ही इतिहासाची साधने आपण ओळखतो. त्यांच्या पंक्तीला लग्नाचा फोटो कशाला बसवावा? फोटो ही दिवाणखान्यातल्या भिंतीवरची वस्तू. दसरा-दिवाळीला आपण तिच्यावरची धूळ पुसतो, पाहुण्यांना दाखवतो. तिला प्रश्न मात्र विचारत नाही.

ते विचारावेत असे आम्हांला वाटते, आणि त्याला कारण आहे. राजेरजवाड्यांच्या घरी दप्तरे असतात. सामान्य गृहस्थाच्या घरी पूर्वजांच्या हातचे चार ओळींचे पत्रही बहुधा सापडत नाही. पण आजी-आजोबांच्या लग्नातली एखादी पिवळी पडलेली तसबीर पुष्कळ घरांत असते. सामान्य कुटुंबाच्या दप्तरातला तो पहिला कागद, आणि कित्येकदा एकुलता एक. मग हा कागद कितपत खरे बोलतो, हे पाहायला नको काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लग्नाच्या तसबिरीत घडलेल्या प्रसंगाचा ठसा थोडा असतो आणि मांडून घेतलेल्या प्रसंगाची रचना पुष्कळ असते. ही गोष्ट आजकालची नव्हे, ती जवळजवळ कॅमेऱ्याइतकी जुनी आहे. दुसरे असे, की ही रचना एकट्या फोटोग्राफराची कधीच नसते. तिच्यामागे विणकर, कासार, फुलारी, मांडववाला, साडी नेसवणारी बाई असे अनेक हात असतात. तसबीर उरते आणि हे हात विसरले जातात. इतिहासाच्या दृष्टीने खरे नुकसान होते ते येथे.

कॅमेरा येण्याआधीही लग्न हे अनेक हातांचेच काम होते. गावात लग्न निघाले की सुताराने चौरंग-पाट द्यावेत, कुंभाराने गौरीहराची बोळकी आणावी, परटाने पायघड्या घालाव्यात, कासाराने नवरीच्या हातांत हिरवा चुडा भरावा, माळ्याने मुंडावळ्या आणि हार गुंफावेत, वाजंत्र्यांनी दारात सूर धरावा. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्या-अलुत्यांची ही व्यवस्था बारकाईने नोंदली आहे. या कामाचा मोबदला रोख पैशाने क्वचितच मिळे. सुगीला धान्य मिळे. लग्नात शिधा, नारळ, खण, पागोटे असा मान मिळे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यात जातीची उतरंड होती आणि काम नाकारण्याची मुभा नव्हती. परंतु तिच्यात एक गोष्ट होती, ती आज आपल्या उपयोगाची आहे. कोणाच्या हातून काय आले, हे साऱ्या मांडवाला ठाऊक असे. मान देताना ते चारचौघांत बोलून दाखवले जाई.

नवरीची तसबीर रचण्याचा पहिला ठळक दाखला पाहायचा तर थोडा वेळ विलायतेस जावे लागेल, कारण कॅमेरा तिकडूनच आला आणि नवरीला कॅमेऱ्यासमोर उभे करण्याची रीतही तिकडूनच आली. दागेर याने शोधलेली फोटो काढण्याची कृती पॅरिस येथे १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगजाहीर झाली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, १० फेब्रुवारी १८४० रोजी, राणी व्हिक्टोरियाचा प्रिन्स आल्बर्टशी विवाह झाला. त्या विवाहाचा एकही फोटो नाही. असे असता त्या विवाहातली नवरी साऱ्या जगाला दिसली, आणि पांढऱ्या पोशाखातल्या नवरीची चाल युरोपात रूढ होण्यास ती मोठे कारण झाली. हे कसे घडले?

राणीच्या पोशाखाचे रेशीम लंडनजवळच्या स्पिटलफील्ड्सच्या विणकरांनी विणले होते. त्यावरची लेस डेव्हन परगण्यातल्या होनिटन पद्धतीची होती. समुद्रकाठच्या बिअर नावाच्या खेड्यात दोनशेहून अधिक स्त्रियांनी ती १८३९ च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत हातांनी केली. त्या काळी यंत्राच्या जाळीने हाताच्या लेसचा धंदा मोडकळीस आणला होता. राणीने परदेशी माल न घेता देशी कारागिरांचा माल अंगावर घेतला, यामागे त्या धंद्यांना हात देण्याचा हेतू होता. एका नवरीच्या पोशाखाने स्थानिक कारागिरांची जाहिरात व्हावी ही कल्पना, म्हणजे, पावणेदोनशे वर्षांपेक्षाही जुनी आहे. पोशाखाची कीर्ती पसरली ती कोरीव ठशांच्या चित्रांतून. १८४७ साली राणीने विंटरहाल्टर या चित्रकाराकडून आपले विवाहवेषातले चित्र काढवून घेतले आणि लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ते पतीला दिले. लग्नानंतर सात वर्षांनी राणी पुन्हा एकदा नवरी झाली, ती चित्रासाठी.

पुढे गंमत झाली. ११ मे १८५४ रोजी रॉजर फेंटन याने बकिंगहॅम राजवाड्यात राणीचे आणि आल्बर्टचे फोटो काढले. हाच फेंटन पुढच्या वर्षी कॅमेरा घेऊन क्रिमियाच्या युद्धावर गेला. फोटोंत राणीच्या डोक्यावर फुले आहेत, पाठीवर झिरझिरीत ओढणी आहे. वास्तविक हा दरबारी पोशाख होता. पण पाहणाऱ्यांनी ओढणी पाहिली, फुले पाहिली आणि तसबिरीखाली लिहून टाकले, ‘राणीचा विवाह’. आजही हे फोटो कित्येक ठिकाणी त्याच नावाने छापले जातात. चौदा वर्षे संसार केलेले, अनेक लेकरांचे आईबाप असलेले हे जोडपे लोकांनी नवरा-नवरी ठरवले! यात फेंटनने कोणाला फसवले नाही. फोटो खोटे बोलला नाही, खालची ओळ खोटे बोलली. इतिहासाच्या अभ्यासकाने हा धडा गाठीला बांधून ठेवावा.

याच घराण्यातला दुसरा फोटो याच्या अगदी उलट आहे. २५ जानेवारी १८५८ रोजी राणीच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. लग्नाला निघण्यापूर्वी आई, वडील आणि नवरी अशा तिघांचा फोटो घेण्यात आला. त्यात राणीचा चेहरा पुसट आला आहे. आपण थरथरत होतो म्हणून असे झाले, अशी नोंद तिने आपल्या रोजनिशीत केली. मुलीची पाठवणी करणाऱ्या आईला काही सेकंदसुद्धा स्थिर राहवले नाही. कारागिरीच्या दृष्टीने हा फोटो बिघडलेला आहे. आम्हांला मात्र त्या पुसट चेहऱ्याइतका खरा पुरावा दुसऱ्या कोणत्याच रेखीव तसबिरीत आढळत नाही.

आता आपल्याकडे येऊ. फेंटनने राणीचे फोटो काढले त्याच १८५४ सालच्या ऑक्टोबरात मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही अशी पहिली संस्था. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. लिहिणारे-वाचणारे लोक आपल्या तसबिरी काढवून घेऊ लागले, त्यांचे पाहून सावकार-व्यापारी आले, आणि मग नवरा-नवरी आली.

ती स्टुडिओत आली. कॅमेरा मांडवात गेला नाही. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळची काच ओली असे. काचेवर रासायनिक लेप चढवायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांत सारा कारभार आटोपावा लागे. शिवाय उजेड हवा तो सूर्याचा. आपल्याकडे पुष्कळ लग्ने गोरज मुहूर्तावर, म्हणजे सूर्य मावळताना. इतर मुहूर्तांच्या वेळी वाड्याच्या चौकात मांडवाची सावली. तेव्हा लग्न लागताना फोटो निघणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून लग्न आटोपल्यावर सवडीने, कधी चार दिवसांनी तर कधी वर्षाने, जोडपे पुन्हा शालू-शेला नेसून, दागिने घालून स्टुडिओत जाई. मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर खांब, जिना, बाग किंवा तळे. बाजूला गोल मेज, मेजावर फुलदाणी. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार. जुन्या फोटोंतली माणसे हसत का नाहीत, असे मुले विचारतात. त्याच्या कारणांत हा लोखंडी आधार धरावा आणि काही सेकंद श्वास आवरून बसण्याची सक्तीही धरावी.

रंगांचीही एक अडचण होती. त्या काचांना निळा उजेड लवकर समजे. लाल, पिवळा आणि हिरवा फारसा समजत नसे. आता आपली नवरी डोळ्यांपुढे आणा. लाल कुंकू, पिवळी हळद, हिरवा चुडा, पिवळी अष्टपुत्री. नवरीपणाच्या साऱ्या खुणा नेमक्या त्याच रंगांच्या, आणि त्या साऱ्या काचेवर काळ्या पडत! कपाळावरचे कुंकू शाईच्या टिपक्यासारखे दिसे. यावर उपाय म्हणून स्टुडिओत रंगारी ठेवले जात. ते छापलेल्या तसबिरीवर बारीक कुंचल्याने कुंकू लाल करीत, चुडा हिरवा करीत, लुगड्याच्या काठावर जर चढवीत. तेव्हा पणजीच्या तसबिरीतले लुगडे जांभळे दिसते म्हणून ते जांभळेच होते, असे खात्रीने सांगू नये. तो रंग लुगड्याचा असेल, नाही तर रंगाऱ्याच्या मर्जीचा असेल.

त्या युगात तसबीर किती मांडलेली असे याचा आणखी एक दाखला मुंबईतलाच आहे. विल्यम जॉन्सन याने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या तसबिरींचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतली माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि त्यांच्या मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा. दोन्ही जोडून एक चित्र केलेले. पाहणाऱ्याला वाटावे, की ही मंडळी खरोखरच तेथे उभी होती.

स्त्रियांनी परक्या पुरुषासमोर बसावे कसे, हाही प्रश्न होता. लाला दीन दयाळ, ज्यांना निजामाने पुढे ‘राजा’ हा किताब दिला, त्यांनी १८९२ साली हैद्राबादेस केवळ स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तेथे एका इंग्रज बाईंची नेमणूक केली. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या स्त्रियांच्या तसबिरी अशा रीतीने निघू लागल्या. म्हणजे नवरी कोणापुढे बसेल, यावरही तिची तसबीर निघणार की नाही हे ठरत होते.

याच जगातून आपल्याकडे एक मोठा माणूस पुढे आला. दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांनी गोध्र्यास फोटो स्टुडिओ चालवला. पुढे छपाईच्या धंद्यात शिरले. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फोटो, कुंचला आणि छापखाना अशा निरनिराळ्या कामांचा मेळ घालण्याची सवय लागलेल्या माणसाने चित्रपटासारखी अनेक हातांची कला उभी करावी, यात आम्हांला विशेष संगती दिसते.

पुढची हकिकत वेगाने सांगतो, कारण ती श्रोत्यांच्या परिचयाची आहे. कोरड्या काचा आल्या, फिल्म आली, चकाकणारी पूड आणि नंतर चकाकणारे दिवे आले. कॅमेरा लहान झाला आणि विसाव्या शतकात तो मांडवात शिरला. आता खरे लग्न टिपले जाईल असे वाटावे, तर झाले उलटेच. आजवर लग्न आटोपून जोडपे फोटोकडे जात होते. आता लग्नच फोटोसाठी थांबू लागले. अंतरपाट दूर झाला, हार पडले, तोच आवाज येतो: “पुन्हा एकदा घाला, इकडे बघून!” भटजी मंत्र थांबवून उभे राहतात, वऱ्हाडाच्या अक्षता मुठीतच राहतात. एकोणिसाव्या शतकातला स्टुडिओ आपला पडदा घेऊन मांडवात आला, इतकेच.

या साखळीतली आजची कडी म्हणजे ज्याला धंद्यातले लोक ‘स्टाइल्ड शूट’ म्हणतात तो प्रकार. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावातला एखादा फोटोग्राफर पुढाकार घेतो. साडीचे दुकानदार शालू किंवा पैठणी देतात, सराफ दागिने देतो, फुलवाला हार आणि तोरणे देतो, मांडववाला एखादा जुना वाडा नाही तर नदीचा घाट सजवतो, मेकअप करणारी बाई येते, नऊवारी नेसवणारी येते, मेहंदी काढणारी येते. एखादी तरुणी नवरी होऊन उभी राहते. लग्न नसते, मुहूर्त नसतो, वऱ्हाड नसते. दिवसभर फोटो निघतात. बहुधा कोणी कोणाला पैसे देत नाही. ज्याने त्याने आपापला माल आणि श्रम द्यायचे आणि मोबदला म्हणून जाहिरातीसाठी फोटो घ्यायचे, असा करार असतो.

हा प्रकार पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. लग्नावाचून नवरी ही कल्पनाच त्यांना अभद्र वाटते. आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. लग्न नसताना नवरी होण्याचा मान राणी व्हिक्टोरियाने १८४७ सालीच घेतला होता. उलट या प्रकारात एक मोठे हित आहे. खऱ्या लग्नात फोटोग्राफराला उजेड निवडता येत नाही आणि फुलवाल्याला नवे काही करून पाहता येत नाही, कारण तो दिवस दुसऱ्याच्या घरचा आणि पुन्हा न येणारा. आपल्या हाताला काय काय येते हे लहान गावातल्या कारागिराने जगाला दाखवावे तरी केव्हा? अशा रचलेल्या दिवशी त्याला ते दाखवता येते, आणि कोणाचे मंत्र अडत नाहीत, कोणाच्या अक्षता थांबत नाहीत. मांडवात ढवळाढवळ करण्यापेक्षा ही रीत अधिक सभ्य आहे.

मात्र दोन गोष्टी आम्हांला बोचतात. पहिली, राणीच्या तसबिरीखाली जी चूक झाली तीच आज रोज होते. रचलेल्या नवरीचा फोटो खऱ्या लग्नाचा म्हणून फिरतो. मध्यम स्थितीतला गृहस्थ तो पाहतो, मुलीच्या लग्नात तसेच सारे व्हावे असे घरात ठरते आणि कर्ज निघते. त्या फोटोतला मांडव एका कोपऱ्यापुरताच सजला होता, दागिने संध्याकाळी सराफाकडे परत गेले, पंगत मुळी उठलीच नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘हे रचलेले चित्र आहे’ एवढे चार शब्द खाली लिहिण्यास खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. फोटोखाली नावे छापली जातात ही चांगली प्रथा आहे. जुन्या स्टुडिओने आपल्याखेरीज कोणाचे नाव पुठ्ठ्यावर येऊ दिले नव्हते. पण ही यादी नीट वाचावी. तिच्यात दुकानाचे नाव असते, पैठणी विणणाऱ्या येवल्याच्या विणकराचे नसते. सजावटकाराचे असते, पहाटे हार गुंफून देणाऱ्या बाईचे नसते. चुडा भरणाऱ्या कासाराला तर फोटोची प्रतही मिळत नाही. आणि फोटो ही ज्या सौद्यातली मजुरी, त्या सौद्यात ज्याला फोटोचा उपयोग नाही त्याचे श्रम फुकट जातात. मोठ्या दुकानदाराला जाहिरात पुरते. हार गुंफणारीला संध्याकाळी रोजच लागतो. बलुत्यात नाकारण्याची मुभा नव्हती हा दोष होता. आजच्या करारात ती कागदोपत्री आहे, पण पुढले काम हातचे जाईल या भीतीने धाकटा कारागीर ती वापरतो किती?

येथे कायद्याची एक गोष्ट सांगणे उपयोगी होईल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन फोटो काढवून घेतला तर, वेगळा करार नसल्यास, हक्काचा पहिला धनी तो काढवून घेणारा. कोणी पैसे देऊन सांगितलेले नसेल तर सामान्यतः तो हक्क फोटो काढणाराचा. तेव्हा घरच्या लग्नाच्या फोटोवर घराचा हक्क असतो, आणि दहा जणांनी मिळून रचलेल्या चित्रावर मात्र एकाचाच हक्क राहू शकतो. म्हणून अशा दिवशी काम सुरू होण्याआधीच कोणी काय द्यायचे, कोणाला रोख मिळायचे आणि कोणाची नावे छापायची हे कागदावर लिहावे. त्याने स्नेह कमी होत नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे वळू. मग लग्नाची तसबीर इतिहासाच्या कामाची आहे की नाही? आहे, पण तिला योग्य तेच विचारावे. त्या दिवशी काय घडले, हे ती फारसे सांगणार नाही. हुंडा किती दिला, नवरीचे मत कोणी घेतले काय, याबद्दल ती मुकी राहील. मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली झाला. त्याआधीच्या कित्येक तसबिरींत भरजरी शालूच्या घड्यांत एक लहान मूल बसलेले असते, हे आपणच डोळे उघडून पाहायला हवे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीवाचून आणि अल्प खर्चात लग्ने लावली. समाजाच्या दृष्टीने ती लग्ने थोर, पण आपल्याला त्यांची माहिती होते ती लिहिलेल्या शब्दांतून. ज्याच्यापाशी स्टुडिओचे पैसे होते त्याचेच लग्न भिंतीवर टिकले, हे विसरून चालणार नाही. त्या घराला आपण कसे दिसावे असे वाटत होते, हे मात्र तसबीर नेमके सांगते. तो पडदा, ते मेज, ती उसनी फुलदाणी म्हणजे त्या घराची आकांक्षा होय. माणसांच्या आकांक्षा हा इतिहासाचा लहानसहान विषय नव्हे.

म्हणून आमची श्रोत्यांना एवढीच विनंती आहे. घरातल्या जुन्या तसबिरी भिंतीवरून उतरवा आणि वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून कागदावर टिपून घ्या: ही कोण, साल कोणते, लग्नानंतर किती दिवसांनी काढली, साडी कोठली, दागिने घरचे की मागून आणलेले. नव्या फोटोंबाबतही तसेच करा, आणि त्यात हार कोणी गुंफला, चुडा कोणी भरला, लुगडे कोणी नेसवले हेही लिहा. तो कागद तसबिरीच्या पाठीला जोडून ठेवा. पुढची बाजू फोटोग्राफराने लिहिलेली असते. मागची बाजू कोरी आहे, आणि ती लिहिण्याचे काम आपले आहे.